साठ व्हायोलिनं आणि पारूबाईचं रडं

हुपरीच्या पारूबाईनं पैंजणांना घुंगरू जोडून पोराला वाढवलं. यशराज गाणी रचायला व्हिएन्नाला गेला, तो बापाच्या मातीलाही आला नाही. आज परदेशातल्या एकटेपणावरचा त्याचा अल्बम कोल्हापूरच्या नाट्यगृहात वाजत होता. साठ व्हायोलिनं चढत गेली, एकदम थांबली आणि स्पीकरमधून एक बाई हमसून हमसून रडली. पारूबाईनं स्वतःचाच आवाज ओळखला. नवरा गेला त्या दिवशी तिनं पोराला केलेला फोन होता तो!

लोकं उभी राहून टाळ्या पिटत होती. यशराज आईच्या पाया पडायला वाकला, तसे तिनं पाय मागं ओढले.

"फोनवर गप बसलतास, मला वाटलं तूबी रडायलायस. रेकॉर्ड करत हुतास व्हय रं?"