माझं घड्याळ चालूच होतं

“ओढणी काढ. कान दाखव.”

सांगलीतल्या बुद्धिबळ स्पर्धेत, भरल्या हॉलमध्ये, पंच मला हे म्हणाले. साठ पटांवरची डोकी वर झाली. माझा गुन्हा काय? मी राजाचा गॅम्बिट खेळले होते. दुसऱ्याच खेळीला प्यादं फुकट दिलं, पाचव्या खेळीला घोडा मारू दिला आणि सगळी फौज समोरच्या राजावर सोडली. समोर बसला होता आयोजकांचा पुतण्या. त्याला घाम फुटला. त्यानं कशीबशी खेळी केली, माझं घड्याळ चालू केलं आणि मग हात वर केला.

“हिच्या कानात कायतरी हाय. पिंजाऱ्याच्या पोरीला हे कुठनं येणार?”

येतं पिंजाऱ्याच्या पोरीला. तासगावात आमचं गाद्यांचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अब्बा आणि मी कापसाच्या गठ्ठ्यावर पट मांडतो. हाच डाव शेकडो वेळा खेळलोय. त्या प्रश्नाची अजून चीड येते.

नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला सामानाच्या खोलीत नेलं. केस विस्कटले. कानात टॉर्च मारला. कुर्त्याची शिवण न् शिवण चाचपली. काही नव्हतंच. परत आले. माफी कुणी मागितली नाही. घड्याळ बघितलं. ते थांबवलंच नव्हतं. माझ्या चौदा मिनिटांतली तीन उरली होती.

दोरीपलीकडून अब्बा हळूच म्हणाले, “चल बेटा, घरी. आपला गाळा त्यांचा हाय.” आमच्या गाळ्याचे मालक, म्हणजे आयोजक, अब्बांच्या मागेच उभे होते. हसत होते.

मी घड्याळ थांबवलं.

“माझी अकरा मिनिटं परत द्या. आन् आता ह्या पुतण्याचंबी कान बघा.”

“लय शानी हायस. खेळायचं तर खेळ,” म्हणत पंचांनी घड्याळ पुन्हा चालू केलं.

खेळले. मात दोनच खेळ्यांवर आली होती. तेवढ्यात माझी वेळ संपली, हरले. नोंदीच्या कागदावर सही मागितली, ती केली नाही. तिथंच बसून वरच्या संघटनेकडे तक्रार लिहिली.

आता रोज सकाळी आयोजकांची गाडी दुकानासमोर येऊन थांबते. कुणी उतरत नाही. काल काच खाली झाली.

“अर्ज मागं घे, पोरी. म्हातारपणी बापाला रस्त्यावर बसवतीस व्हय?”

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्यादेखतच बोलले, “न्हाई घेणार.”

गाळा कदाचित जाईल. भीती वाटते. पण सुनावणीला बोलावतील तेव्हा ती खोली, ती बाई, तो पंच, सगळं नावानिशी सांगणार आहे.