रत्नाच्या बाहुलीचे डोळे

शिरा गावाकडे जायचं तर बंगळूरच्या मॅजेस्टिक स्टँडवरून पहाटेची बस पकडा. आता हायवे गुळगुळीत आहे. मी गेले नव्वदच्या दशकात, तेव्हा तुमकूरनंतर हाडं खिळखिळी व्हायची. चामराजपेटेतून निघाले तेव्हा माझ्याकडे खोकंभर पुठ्ठ्याच्या बाहुल्या होत्या. आमच्या संस्थेच्या सरांचं फर्मान होतं: खेड्यातल्या गरीब पोरांना तीन दिवसांत बाहुलीखेळ शिकवून या.

आणि शिकवायचं कुणाला, तर पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या बाहुल्या नाचवणाऱ्या वस्तीला! आधी साधी चौकशी करायची अक्कल आमच्यात एकालाही नव्हती. वस्तीची घरची बोली आमच्यासारखीच, कन्नड मिसळलेली मराठी. खोकं बघून म्हातारे हनुमंतप्पा नुसते हसले. "सरी, बरं, आता आमचं बघा," म्हणाले.

मग शिकले मीच. दुपारी रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, आणि झणझणीत सारू, बाकी वेळ कातडं कोरणं. हनुमंतप्पांनी जपलेलं शेवटचं कातडं नात रत्नाला दिलं होतं. चौदा वर्षांच्या पोरीची ही पहिली बाहुली, आठवड्यानं जत्रेत नाचणार होती. डोळे मात्र खेळाच्या दिवशी, दिवा लावून कोरायचे. तेव्हाच तिच्यात जीव येतो म्हणे. बाहुल्या इथंच राहतील, असं मीच सगळ्या पोरांना सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सर जीप घेऊन आले, फोटो काढले आणि बंगळूरच्या प्रदर्शनासाठी बाहुल्या गोळा करायला लागले.

"अक्का, इथंच राहतील म्हणालीस ना तू?" रत्नानं मला विचारलं.

"स्वल्प ॲडजस्ट करा, दुसरी करेल ती," सर म्हणाले.

कशाची करेल, स्वतःच्या कातड्याची? हे आज सुचतंय. तेव्हा मी शेळपटासारखी जीपमध्ये चढले.

प्रदर्शनाच्या सकाळी सर म्हणाले, "हिला डोळेच नाहीत. पाहुणे यायच्या आत पंचनं दोन भोकं पाडा." माझं टाळकंच सरकलं. रत्नाची बाहुली भिंतीवरून काढली, पदरात गुंडाळली आणि तडक मॅजेस्टिक गाठलं. सर मागून ओरडत होते. ओरडेनात का.

पोचले तो जत्रेचाच दिवस. रत्नानं बाहुली उजेडात धरून डोळ्यांची जागा तपासली, मग दिवा लावला. डोळे कोरताना बघायला मी दारातून आत वाकले.

"तू बाहेर थांब," ती म्हणाली.

थांबले. खेळ सुरू व्हायच्या आतच परतीची बस धरली.

नोकरी सोडताना सरांना काय काय सुनावलं, ते मी अजून रंगवून सांगते. रत्नाला 'माझं चुकलं' एवढं म्हणायचं मात्र राहून गेलं.