कासराभर दिवस

कापूरहोळच्या दुकानात टांगलेला सुती कासरा परवा हाताला लागला आणि वेल्ह्याच्या दवाखान्यातली ती संध्याकाळ आठवली. मी तिथं नवीन नर्स होते. डोंगरकुशीतल्या वाडीतून एक म्हातारे धनगर साप चावलेल्या सुनेला टेम्पोतून घेऊन आले. घोंगडीला मेंढरांचा वास, पाय चिखलानं भरलेले. "कधी चावला?" मी विचारलं. "कासराभर दिस व्हता तवा, बाई." शहरातून आलेले डॉक्टर वैतागले. मला मात्र शब्द ठाऊक होता. बैलाला बांधायचा कासरा जेवढा लांब, तेवढाच सूर्य डोंगराच्या वर उरला की म्हणायचं कासराभर दिवस. मावळायला तासभर बाकी. मोबाईलवर सूर्यास्त साडेसहाचा होता. मी केसपेपरवर साडेपाच लिहिलं आणि तोऱ्यात सांगितलं, "अर्धा-पाऊण तासच झालाय." डॉक्टर म्हणाले, थोडं थांबून बघू. एवढ्यात सुनेच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या. जीभ अडखळायला लागली. "इतक्या लवकर?" डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. म्हातारे मात्र खिडकीतल्या उन्हाकडे बघत होते. "हितं अजून ऊन हाय व्हय? आमच्याकडं दिस कवाच डोंगराआड गेला." डोंगराच्या सावलीतल्या त्यांच्या वाडीत सूर्य पाचलाच दिसेनासा व्हायचा; म्हणजे चावून दोन तास उलटले होते! डॉक्टर इंजेक्शनकडे धावले. मी साडेपाच खोडून चार लिहिलं. सून वाचली. पण आजही वेळ लिहिण्याआधी मी विचारते, "तुमच्याकडं दिवस कुठल्या डोंगराआड जातो?"