गिरणीतला ओटा

मागच्या थंडीत एका सकाळी गावच्या जुन्या भातगिरणीकडे निघालो होतो. वेल्ह्याच्या अलीकडे, तोरण्याच्या पायथ्याला आमचं गाव. धुकं इतकं दाट की गिरणी दिसायच्या आधी तिचा वास आला... कोंड्याचा. बंद पडून दहा-बारा वर्षं झाली, पण वास अजून मुक्कामाला आहे.

त्या गिरणीचं आरोग्य उपकेंद्र होणार होतं. गावाने समिती नेमली आणि त्यात मला घेतलं, कारण पुण्याहून परतलेला आणि पेपरात टवाळक्या लिहिणारा माणूस रिकामाच असतो, अशी गावाची समजूत आहे. ती खरी आहे.

प्रस्ताव मीच लिहिला होता. 'भिंतीलगतचा अनावश्यक दगडी ओटा काढून त्या जागी प्रतीक्षा कक्ष तयार करणे.' म्हणजे बसायची जागा फोडून तिथे बसायची जागा करायची... समितीत सात जणांनी हे वाक्य वाचलं, कुणालाही हसू आलं नाही. मलाही नाही, आणि माझं तर पोटच त्यावर चालतं.

ते वाक्य ऐकून हसली फक्त शेवंताकाकी. माझी चुलती, सत्तरीची. आदल्या संध्याकाळी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. उद्या मशीन लावून ओटा फोडणार, हे मी सांगितलं आणि तिचं हसू थांबलं.

मी समजूत घातली, की स्टीलच्या खुर्च्या येणार आहेत, एकीला एक जोडलेल्या, एसटी स्टँडवर असतात तशा.

"खुर्चीवर पेशंट बसतो," काकी म्हणाली. "मला काय झालंय?"

तिने पुढची शेंग सोलायला घेतली. माझ्याकडे न बघताच ती पुढे बोलली. "घरात टेकलं की कुणीतरी इचारतं, काम न्हाई का. बांधावर टेकलं तर येणारा-जाणारा इचारतो. गिरणीत कुणी इचारत न्हवतं बाबा. नंबर असायचा ना."

टेम्पोवरची गिरणी दारात यायला लागली तेव्हा आम्ही पुरुषांनी केवढं कौतुक केलं होतं. बायकांचा हेलपाटा वाचला म्हणून. त्या हेलपाट्यातच त्यांचं बसणं होतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही... आणि उरलासुरला ओटा मी दुसऱ्या दिवशी फोडायला निघालो होतो.

मी पुटपुटलो, की आता ड्रॉइंग मंजूर झालंय. काकी उठली. सोललेल्या शेंगांची टरफलं झाडून आत गेली.

तर त्या सकाळी धुक्यातून गिरणीत शिरलो, तोवर वर ऊन फुटलं होतं. छपरात काचेची चार कौलं आहेत, त्यांतून उजेडाचे चार पट्टे खाली उतरले होते, आणि त्यांत धूळ तरंगत होती. इतकी सावकाश, की जणू तिलाही कुठे जायचं नव्हतं. ओट्याचा दगड बसून बसून गुळगुळीत झालेला. आणि त्या ओट्यावर एका रांगेत एकोणीस पाट्या... बांबूच्या, रिकाम्या, प्रत्येकीत ओझ्याखाली डोक्यावर घ्यायची एक कापडी चुंबळ. माणूस एकही नाही.

आमच्या गिरणीचा एक कायदा होता. पाटी रांगेत ठेवली की बाई रांगेत. मग ती घरी जाऊन पोराला पाजून येवो नाहीतर ओढ्यावर धुणं धुऊन येवो, तिची पाटी दुसरं कुणी हलवायचं नाही. लहानपणी मी एकदा एक पाटी पायाने सरकवली होती. त्या चपराकीचा आवाज अजून कानात आहे.

मशीन दारात गप्प पडलं होतं. गावातलेच गवंडी आणि बिगारी उंबऱ्यावर चहा पीत होते. भोरहून आलेले इंजिनिअर साहेब मधोमध उभे. त्यांनी विचारलं, या पाट्या कुणाच्या. शंकर गवंडी म्हणाला, "नंबर लागलाय साहेब."

"कसला नंबर? गिरणी बंद आहे ना?"

"गिरणी बंद हाय. नंबर चालू हाय." शंकरने चहाचा घोट घेतला. "तिसरी पाटी आमच्या म्हातारीची हाय. म्या न्हाई उचलणार."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. समितीचा माणूस म्हणून मी पुढे झालो. पहिलीच पाटी काकीची... आतली चुंबळ माझ्याच जुन्या शर्टाची होती. हात पुढे नेला आणि तसाच मागे घेतला. लहानपणी चपराक खाल्लेला कान गरम झाला होता.

साहेब वरिष्ठांना फोन लावायला गेले. रेंज नव्हती. म्हणून वाट बघत रांगेच्या शेवटी, ओट्यावर टेकले. पाठ भिंतीला लागली. दगड गार, कोंड्याचा तो गोडसर वास, आणि उजेडाचा एक पट्टा पाट्यांवरून सरकत त्यांच्या बुटांपर्यंत येत होता... साहेबांचा डोळा लागला. कुणी उठवलं नाही. कुणी विचारलं नाही, काम नाही का.

अर्ध्या तासाने जागे झाले तेव्हा चेहरा निराळाच होता. ड्रॉइंग उघडलं आणि पेनाने एक रेघ खोडली. "खुर्च्या समोरच्या भिंतीला घेऊ," एवढंच बोलले. मी प्रस्ताव पुन्हा लिहिला. 'अस्तित्वातील ओटा प्रतीक्षा कक्ष म्हणून कायम ठेवणे.' माझ्या आजवरच्या लिखाणातलं हेच एक वाक्य कुणाच्या तरी उपयोगी पडलं असेल.

आता उपकेंद्र सुरू झालंय. काल सकाळी गेलो तर स्टीलच्या खुर्च्यांवर पिशव्या रांगेने बसल्या होत्या आणि बायका ओट्यावर. नव्याने बदलून आलेल्या सिस्टर काकीसमोर वही घेऊन उभ्या. काय होतंय, म्हणून विचारत होत्या.

"काय न्हाई," काकी म्हणाली. "बसलीया."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी माझी पिशवी रांगेत शेवटी ठेवली आणि ओट्याच्या टोकाला जाऊन बसलो. दुखत काहीच नव्हतं.