शेजारच्या पॅनलसमोर

१२ मार्च. गच्चीवर कुरडया घालत होते, तेवढ्यात सोलरवाला आला. केडगावात उन्हाचं एवढं कौतुक करणारा दुसरा माणूस नाही. कौतुक करताना तो उभा राहतो मात्र पाण्याच्या टाकीच्या सावलीत. "मावशी, लई ऊन वाया चाललंय तुमचं," हे त्याचं पालुपद. इतकी वर्षं आमचं ऊन वाया गेलं तेव्हा कुणाला हळहळ नव्हती. सरकारनं सोलर पॅनलला अनुदान जाहीर केलं आणि याचा जीव तुटायला लागला.

दोन महिन्यांपूर्वी त्यानं माझा अनुदानाचा अर्ज भरला होता. पॅनल काही आले नव्हते.

"चला, शेजारच्या काकूंच्या गच्चीवर," तो म्हणाला. "त्यांच्या पॅनलसमोर तुमचा फोटो काढू."

"माझ्या अर्जाला त्यांचे पॅनल?"

"सगळे सारखेच दिसत्यात, मावशी. फोटो चढला की सबसिडी आलीच समजा. तुमचे मागनं बसवू."

"आणि नाही बसवले तर?"

"आमच्यावर इश्वास न्हाई व्हय?"

एका मीटरला अनुदान एकदाच मिळतं, एवढं मला ठाऊक होतं; खोट्या फोटोवर ते संपलं की माझ्या खऱ्या पॅनलला काही उरणार नव्हतं. तोवर त्यानं मोबाईल उचललासुद्धा. पलीकडून काकू ओरडल्या, "अगं ये की! गल्लीतल्या चौघी फोटोला इथंच उभ्या राहिल्या." तो लाजला नाही. उलट, ओळखपत्र दाखवावं तसा हसला. मी मात्र माझ्या गच्चीवरून हलले नाही, कुरडया घालत राहिले.

१३ मार्च. सकाळी मी वीज कार्यालयात गेले, 'माझ्या गच्चीवर एकही पॅनल बसवलेला नाही' असं लिहून दिलं आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच बाहेर पडले.