फोनवरचा अष्टचंगा

आमच्या हिच्या परतवाड्याच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. दूध ते घरच्या मापानं पुन्हा मोजून घेतात, एसटीची पाटी वाचूनही गाडी कुठे जाते ते ड्रायव्हरला विचारतात, आणि अष्टचंग्याला बसले की समोरच्याला बाह्या वर करायला लावतात. नवा जावई म्हणून मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्याही बाह्या वर झाल्या आणि सगळ्या सोंगट्या मारून झाल्यावरच पोहे आले. मोबाईलवरचा लुडो दाखवला तर म्हणाले, "फासा थोच टाकून राहिला, सोंगटी थोच चालवून राहिला. मंग मी काहून बसलो?"

असा हा माणूस रोज दुपारी फोनवर अष्टचंगा खेळतो. त्यांचा लंगोटीयार मुलाकडे अकोल्याला राहायला गेला, तेव्हापासून दोघांच्या घरी एकेक पट मांडलेला असतो. ज्याची पाळी त्यानं कवड्या टाकायच्या, दान सांगायचं, आणि दोघांनी आपापल्या पटावर सोंगटी सरकवायची. कवड्या स्टीलच्या ताटात टाकायच्या, म्हणजे पलीकडे खणखणाट ऐकू जातो, एवढीच अट. दान खरं सांगितलं की खोटं, हे मामांनी एकदाही विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात दोन दिवस पलीकडून फोनच उचलला गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा अमरावतीला आमच्या दारात हजर. मित्राच्या मुलाला फोन लावू का म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"फोनवर नाई आयकाचं मले. तुमी चला संगं."

अकोल्याच्या एसटीत ते पाटीही न वाचता चढले. ड्रायव्हरलाही काही विचारलं नाही. गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि दारात चपलांची गर्दी आहे का, ते बघायला मला पुढे पाठवलं. चपला घरच्याच होत्या. मी हात हलवला तेव्हा मामा तिथल्याच एका ओट्यावर बसले आणि बराच वेळ दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिले.

आत मित्र गादीवर पाय पसरून मोबाईलवर रंगीत फुगे फोडत होता. मधेच फोन आला की खेळ अडतो, म्हणून त्यानं सुनेकडून घंटीच बंद करून घेतली होती. मामांचे फोन येऊन गेलेले दिसले, पण उद्या करू, उद्या करू म्हणत राहिला. मामांनी त्याचा यथेच्छ उद्धार केला. मग समोरासमोर डाव मांडला, हरले, आणि हरूनही हसत राहिले. इतकं हलकं मलाही कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

निघताना मामांनी सुनेला दाराबाहेर बोलावलं. "खेळू दे त्याले फुगे. फक्त माया फोन आला का उचलाले सांग, बाई." मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, "अन् काई झालंच, तं मले फोन करू नको. जावयाले सांग. थे येऊन सांगतीन."

मी सुनेला माझा नंबर दिला. तिचा फोन मला कधी येऊच नये, असं फार वाटून गेलं. शेजारी मामा तिच्याकडून तो नंबर परत वाचून घेत होते.