माझा चांगला पाय

"पोलिओ? तो तर डाव्या पायाले झाला होता, साहेब! मी उजवा दाखवून राह्यलो!"

चंद्रपूरच्या डॉक्टरांवर मी चक्क खेकसलोच. लहानपणी डावा पाय गेला, तो आजही काडीसारखा बारीक आहे. उजवा माझा चांगला पाय. सारा संसार त्याच्यावर उभा. अन् हा माणूस म्हणत होता, त्यालाही पोलिओच भोवला.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पोलिओ परत आलेला नाही. तेव्हा उजव्या पायाच्याही काही नसा मेल्या होत्या, तुम्हाला कळलं नाही. उरलेल्या नसांनी इतकी वर्षं त्यांचं काम ओढलं. आता त्या थकल्या."

हाही पाय गेला तर मी अंगणात सरकत येणार का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सुरुवात आदल्या पावसाळ्यात झाली होती. पायरी चढताना उजवी मांडी थरथरायची. पेटके यायचे. जेवण झालं की अंग असं गळायचं की हात धुवायलाही उठवत नसे. आम्ही ढिवर, तलावावर मासे धरणारे. घरीदारी सगळ्यांचं एकच म्हणणं, पाण्यानं वात धरला. बायको सुमन म्हणाली, "आता पाण्याकडं नाई जायचं." मलाही पटलं. डोंगा, आमची लहान नाव, सोडला अन् सायकलवर गावोगाव मासे विकू लागलो. पाय आखडू नये म्हणून मुद्दाम दूरची गावं धरायचो. जितका थकायचो तितकं जोरानं पायडल मारायचो.

हे ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "डोंग्यात बसून जाळं टाकायचात, तेच बरं होतं. बसून होणारं काम सोडलंत अन् उरल्यासुरल्या पायाला जुंपलंत!"

मग ईएमजी झाली. बारीक सुई टोचून नसा अन् स्नायू कसं काम करतात ते बघतात. रिपोर्टची वाट पाहत बाकावर बसलो. समोर भिंतीवर पोलिओच्या दोन थेंबांचं पोस्टर. आमच्या वेळी गावात कुठले थेंब! मी सारखी मांडी दाबून पाहत होतो. "काऊन दाबून राह्यले जी? आता दाबून का होते?" असं म्हणत सुमननं माझा हातच धरून ठेवला.

रिपोर्टात तेच निघालं. गेलेला जोर बहुतेक परत येणार नाही, उरलेला मात्र सांभाळता येईल. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांचा लोखंडी आधार. हातात काठी. थंड पाण्यात उतरायचं नाही. अन् थकायच्या आधी बसायचं, थकल्यावर नाही.

बाकीचं जमलं. डोंगा परत धरला. बसणं तेवढं जमेना. तुमच्यापैकी कुणाला लहानपणी पोलिओ झाला असेल, तर तुम्हाला ठाऊक आहे. कुणी लंगडा म्हणू नये म्हणून आपण सगळ्यांच्या पुढं चालतो. भावांनो, बायांनो, नवा थकवा आला तर लपवू नका. डॉक्टरला जुना पोलिओ आठवणीनं सांगा.

एकदा तलावावरून परतताना सुमन पुढं होती, डोक्यावर मासळीची टोपली. मी म्हणालो, "थांब वो. मी थकलो." जन्मात पहिल्यांदा बोललो हे. लाज वाटली, डोळेच भरले.

तिनं टोपली खाली ठेवली अन् माझ्या बाजूला बसली.

"बरं झालं," म्हणाली. "तुमी बसत नाई म्हून मले बी कवा बसता आलं नाई."